मिशी, पाळणा आणि पगार

स्टॉकहोम,
तिसरा श्रावणी सोमवार

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,


आज आपल्या त्र्यंबकात ब्रह्मगिरीच्या फेरीची गर्दी असणार, आणि त्या गर्दीतही कुणीतरी तुम्हाला थांबवून विचारणार, की धाकटा म्हणे तिकडे घरी बसलाय. नोकरी शाबूत आहे. सून कामावर जाते, मी बालसंगोपनाच्या रजेवर आहे, आणि हे फोनवर दोन मिनिटांत पटण्यासारखं नाही म्हणून सविस्तर लिहितो. पहिली तक्रार ‘बसलाय’ या शब्दाबद्दल. मराठीत पेढीवर बसणारा कमावतो, पूजेला बसणारा पुण्य जोडतो, परीक्षेला बसणारा हुशार ठरतो. घरी बसणारा तेवढा रिकामटेकडा. रांगत्या मुलामागे धावणाऱ्याला जी एक गोष्ट कधीच जमत नाही, नेमकी तीच त्याच्या नावावर लागते. बाईसाठी तर क्रियापदही वेगळं, ती घरी ‘असते’. तो बसतो, ती असते. काम दोघांपैकी कुणीच करत नाही, असं आपल्या भाषेचं मत दिसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे, की काम मुळात बायकी किंवा पुरुषी नसतं. मजुरी मिळाली की ते पुरुषी होतं, फुकट करायचं असलं की बायकी. याचा पुरावा त्र्यंबकातच आहे. पंगतीचा स्वयंपाक करणारा आचारी पुरुष, कपडे शिवणारा शिंपी पुरुष, ते धुणारा परीट पुरुष, पेढे वळणारा हलवाई पुरुष. दोनशे पानं वाढून मोकळा होणारा आचारीही घरी आला की पाटावरूनच चहा मागतो. म्हणजे दोष हातांत नाही, हिशेबात आहे. केंद्र सरकारने 2019 साली देशभर लोकांच्या चोवीस तासांची मोजदाद केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा 97 मिनिटं. ही 97 मिनिटंही, जे करतात त्यांचीच. असं काम करणाऱ्या बायका शंभरात 81, पुरुष 26. उरलेले 74 जण, अर्थात, बसलेले.

आता आपल्या गावच्याच एका माणसाची साक्ष काढतो. दादासाहेब फाळके 1870 साली त्र्यंबकेश्वरी जन्मले. त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढायला घेतला तेव्हा तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना. शेवटी मुंबईतल्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके जास्त पगारावर आले आणि 1913 साली पडद्यावर हरिश्चंद्राची राणी झाले. पुढे 1917 च्या ‘लंका दहन’मध्ये तर राम तेच आणि सीताही तेच. त्याच वेळी सरस्वतीबाई फाळके दिवसभर मंडळींचा स्वयंपाक उरकून रात्री फिल्मला भोकं पाडत होत्या, रसायनं कालवत होत्या, फिल्म धूत होत्या. पुरुष लुगडं नेसून राणी झाला, बाईने यंत्रशाळा सांभाळली, तरी ब्रह्मगिरीचा एक दगडही हलला नाही. खरी अडचण आली ती मिशीची. बाप गेल्याशिवाय मिशी काढायची नसते, म्हणून नट तयार होईनात. दादासाहेबांनी समजूत घातली, मिश्या गेल्या, बाप सुखरूप राहिले. पाळण्याच्या दोरीला हात लावला तर पुरुषपणाचं काय होईल, ही भीती त्याच मिशीची मावसबहीण आहे.

पण नुसत्या समजुतीने भागत नाही, हेही खरं. स्वीडनने 1974 साली आईची बाळंतरजा बदलून ती आईबापांपैकी कुणालाही घेता येईल अशी केली. जगात असं करणारा हा पहिला देश. पुरुषांनी कायद्याचं स्वागत केलं आणि रजा बायकोच्या नावावर सोडून दिली. मग सरकारने एका अगडबंब वजनउचल्याच्या हातात तान्हं मूल देऊन जाहिराती लावल्या. लोकांनी पोस्टर पाहिलं, पाळणा नाही. आकडा खरा हलला तो 1995 पासून, रजेतला एक महिना एकेका पालकाला राखून ठेवल्यावर. घेतला तर घेतला, नाहीतर बुडाला, जोडीदाराला देता येणार नाही. आज एकूण 480 दिवसांपैकी 90 दिवस असे बापाचे आणि 90 आईचे राखीव आहेत. बहुतेक दिवसांना पगाराच्या साधारण ऐंशी टक्के रक्कम मिळते, आणि एकूण रजेतला तीस टक्क्यांच्या आसपास वाटा बाप घेतात. समानतेच्या व्याख्यानाने जे वीस वर्षांत झालं नाही, ते ‘बुडेल’ या एका शब्दाने केलं. मराठी माणसाला हे स्वीडिश माणसाहून लवकर कळावं. आपल्याकडे रेशनची साखरसुद्धा लागत नसली तरी सोडत नाहीत.

तुमच्या शंका मला ठाऊक आहेत. पहिली, मुलाला आईच लागते. दूध पाजण्यापुरतं मान्य, तिथे बापाने गप्प बसावं. पण सहा महिन्यांनी मऊ भात सुरू होतो, आणि तो कालवणाऱ्या बोटांना मिशी आहे की बांगडी हे बाळ पाहत नाही. दुसरी, परंपरा. आपल्याच गावात निवृत्तिनाथांची समाधी आहे. आईबाप गेल्यावर तीन धाकट्या भावंडांचा भार याच थोरल्या भावावर आला. नाव निवृत्ती आणि वाट्याला संगोपन. त्यातल्या ज्ञानोबांना महाराष्ट्र ‘माउली’ म्हणतो, आणि पौष वद्य एकादशीला येणारे वारकरी दाढीमिशीवाल्यालाही माउली म्हणूनच हाक मारतात. पुरुषाला आई म्हणण्यात आपण सातशे वर्षं मुरलेले आहोत, फक्त लंगोट बदलायच्या वेळी हाक ऐकू येत नाही. तिसरी शंका आईची असेल आणि ती सगळ्यांत खरी आहे: बाईने जन्मभर केलं ते कुणी पाहिलं नाही, बापाने आठ महिने केलं तर पत्रं लिहितो. याला माझ्यापाशी उत्तर नाही. पुरुषाला काम शिकवता येतं, कौतुकाची सवय सोडवायला बहुधा आणखी एक कायदा लागेल.

स्वीडन श्रीमंत म्हणून त्याला परवडतं, असं बाबा म्हणतील. पैशाचा मुद्दा खरा, पण पैसा कुणाच्या खिशातून जातो हे महत्त्वाचं. इथे तो सगळ्या मालकांकडून जमणाऱ्या सामाजिक विम्यातून येतो. आपल्याकडे 2017 साली बाळंतरजा 26 आठवड्यांची झाली, पण त्या काळाचा पगार सहसा एकट्या मालकावर. मग बाई कामावर घेतानाच तो बोटं मोजतो. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या बापाला रजा मिळते पंधरा दिवस: बाराव्या दिवशी बारसं, उरलेले तीन पाहुण्यांना एसटीत बसवायला. आई सहा महिने आणि बाप पंधरा दिवस, असं सरकारनेच लिहून दिल्यावर मूल कुणाचं काम आहे हे घरात वेगळं सांगावं लागत नाही. म्हणून फेरीत कुणी विचारलंच, तर एवढंच सांगा की धाकटा पगारी रजेवर आहे. ‘पगारी’ हा शब्द जरा मोठ्याने उच्चारा. पुढचा प्रश्न येणार नाही.

तुमचा,
धाकटा

ता. क. आईच्या पंचेचाळीस वर्षांचा हिशेब 299 मिनिटांच्या दराने मांडून पाहिला. तिची इतकी रजा साठली आहे, की आजपासून चहा बाबांनी केला तरी ती फिटत नाही. पण सुरुवात चहापासून करायला हरकत नाही. मेतकूट पाठवा.