ड्यूकच्या वाड्यावर रावेरचे मामा

डर्बीशायरमधला चॅट्सवर्थचा वाडा समोर आला की बहुतेक पाहुणे आधी फोटो काढतात. आमच्या रावेरच्या मामांनी आधी विचारलं, "घरपट्टी किती येत असेल रे?"

प्रश्न अगदीच अस्थानी नव्हता. 1549 मध्ये कॅव्हेंडिश घराण्याने ही जमीन 600 पौंडांना घेतली. पुढे ते डेव्हनशायरचे ड्यूक झाले. 1950 मध्ये दहावे ड्यूक वारले आणि सरकारने वारसा कर लावला, 80 टक्के! तो फेडता फेडता हार्डविक हॉल नावाचा दुसरा वाडा गेला, चित्रं गेली, जमिनी गेल्या. आता वाडा एका न्यासाकडे आहे आणि ड्यूकसाहेबांचं घराणं तिथेच भाडं भरून राहतं.

"स्वतःच्याच वाड्यात भाडेकरू?" मामा कळवळले. रावेरात त्यांच्या दोन खोल्या एका भाडेकरूने वर्षानुवर्षं अडवल्या आहेत. त्यामुळे कळवळा मालकाचा करावा की भाडेकरूचा, हे त्यांना ठरवता येईना.

आत सोनेरी छतं, संगमरवरी पुतळे आणि दालनागणिक एकेक स्वयंसेवक आजीबाई. संगीताच्या दालनात अर्धवट उघड्या दारातून आतल्या दारावर टांगलेलं व्हायोलिन दिसतं. "चांगलं वाद्य, धूळ खात पडलंय बघा," मामी हळहळल्या. आजीबाई सकाळपासून याच वाक्याची वाट बघत असाव्यात. ते व्हायोलिन नव्हतंच. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी यान व्हान डर व्हार्टने काढलेलं चित्र होतं ते. तारा रंगाच्या, सावलीही रंगाची. मामींनी चष्मा पुसला, मान तिरकी करून पुन्हा पाहिलं आणि म्हणाल्या, "असेल. पण धूळ खरी आहे."

बागेत आल्यावर मामा खुलले. रशियाचा झार पहिला निकोलस येणार म्हणून सहाव्या ड्यूकने 1844 मध्ये कारंजं बांधून घेतलं. रात्री मशाली पेटवून खोदकाम चाललं. पाणी 296 फूट उडालं. झार आलाच नाही.

"मोटर किती एचपीची?"

मोटर नाहीच. वाड्यापेक्षा साडेतीनशे फूट उंचावर, डोंगरमाथ्यावर आठ एकरांचा तलाव खणलाय. तिथलं पाणी नळाने खाली येतं आणि स्वतःच्याच जोरावर उडतं. मोटर चालू करायला लाइटच्या वेळा बघून रात्री-अपरात्री शेतात जाणाऱ्या मामांनी दोन्ही हात जोडले. कोणाला, ते विचारलं नाही, पण झारला नक्कीच नाही.

याच ड्यूकला वाड्यातून दिसणारं एन्झर गाव खुपत होतं. त्याने 1838 पासून ते पाडून नजरेआड नवं वसवलं. "आमच्याकडे निदान धरणासाठी तरी उठवतात. इथे नुसत्या देखाव्यासाठी?" मामा उखडले. मामी एवढंच म्हणाल्या, "घरं मात्र पक्की बांधून दिली हो."

कारंजं आणि नवं गाव, दोन्हींमागे डोकं माळ्याचं: जोसेफ पॅक्स्टन. 1826 मध्ये, 22 व्या वर्षी, हा पहाटे साडेचारला कामावर आला. कोणी उठलं नव्हतं, म्हणून फाटकावरून चढून आत शिरला. बाग पाहिली, सहाला माणसं कामाला लावली, कारभारीणबाईंकडे नाश्ता केला आणि तिथेच त्यांच्या भाचीच्या प्रेमात पडला. नऊच्या आत सगळं उरकलं. पुढे त्यांचं लग्नही झालं. "असा सालदार मिळायला नशीब लागतं," मामा म्हणाले.

तबेल्यातल्या उपाहारगृहात चहा घेताना मी राखून ठेवलेली गोष्ट काढली. मॉरिशसहून आलेलं केळीचं रोप पॅक्स्टनने इथल्या काचघरात वाढवलं. 1835 च्या नोव्हेंबरात ते निसवलं, पुढच्या मे महिन्यात शंभरावर केळी लागली आणि प्रदर्शनात पदक मिळालं. जातीला नाव पडलं ड्यूकच्या घराण्याचं. "मामा, तुमच्या शेतातली केळी, बसराई आणि ग्रँड नैन, दोन्ही कॅव्हेंडिशच."

मामांच्या हातातला स्कोन बशीत परतला. आयुष्यभर ज्या पिकाला पाणी दिलं, त्याच्या आडनावाचा मालक इथे निघाला होता. "यांनी शोधून काढली?"

"छे! मूळची चीनकडची. यांनी फक्त काचेखाली वाढवली."

"शंभर केळी," मामा तुच्छतेने म्हणाले, "आणि त्यावर पदक! बरं, भाव काय मिळाला?"

"विकली नसतील मामा. हौसेची लागवड होती."

मामांनी चहाचा शेवटचा घोट घेतला आणि वाड्याकडे पाहिलं.

"म्हणून तर आज भाडं भरतायत."