सुलतानपूर बंदरावर उतरा

सुलतानपूरपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरच्या आसपास. तरीही आमचं गाव बंदर आहे, असं मी आज जाहीर करतो. शासनाने जाहीर केलं असतं तर बरं झालं असतं. पण शासनाच्या हातात सध्या लोणारचा आराखडा आहे आणि तो खाली ठेवल्याशिवाय दुसरा उचलता येत नाही. आमचा नंबर नातवंडांच्या हयातीत लागला तरी गंगेत घोडं न्हालं म्हणायचं.

बंदर का म्हणायचं? जालन्याकडून सिंदखेडराजा, दुसरबीड, बिबी करत येणारा जुना रस्ता सरळ मेहकरला जातो. लोणारला जायचं असेल तर आमच्याकडून वळायचं, पुढे बाराएक किलोमीटर. म्हणजे यात्रा कंपन्यांची जहाजं इथंच नांगर टाकणार. चहा होणार, मंडळी हॉटेलमागे 'जाऊन' येणार, आणि एक काकू दर वेळी विचारणार, "शेगाव किती राहिलं हो?" ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि मोठी जहाजं तिकडून, खोल पाण्यातून जायला लागली. धाकल्या बोटी मात्र अजून आमच्या धक्क्याला लागतात. त्यांच्यासाठीच हा प्रपंच.

ही बंदराची भाषा माझी नाही. शेजाऱ्याचा मुलगा टेक्सासात असतो. यंदा तो गॅल्व्हेस्टनहून जहाजात बसून मेक्सिकोला फिरून आला. जहाज कोझुमेल नावाच्या बेटावर थांबलं. जहाजावरच्या काउंटरवर मोठमोठ्या माया अवशेषांच्या सहली विकायला होत्या. पण पोरगा बुलडाणा जिल्ह्याचा, त्यातून घाटावरचा. भाव ऐकल्याबरोबर तो बायकोपोरांना घेऊन खाली उतरला, टॅक्सी ठरवली आणि बेटाच्या मधोमध असलेल्या सान हेर्वासिओला स्वतःच्या जिवावर जाऊन आला. फोनवर मला अर्धा तास ऐकवलं. "काका, गर्दी नाही, गाईड नाही! आम्ही आणि सरडे!" भिंती कुठे गुडघ्याएवढ्या, कुठे छातीएवढ्या. एका वास्तूच्या भिंतीवर म्हणे लाल रंगात हाताचे छाप आहेत, छोटे छोटे. इश्चेल नावाची देवी, बाळंतपणाची; तिच्या दर्शनाला त्या काळी बाया समोरच्या किनाऱ्यावरून होडीतून येत. "काका, अंगावर काटा आला. असं छोटं, विसरलेलं ठिकाण आपलं आपण शोधायचं, यात खरी मजा आहे."

मी म्हटलं, "खरं आहे. लोणारची लिंबी बारव पाहिली का रे?"

"कुठली?"

"लिंबी बारव. दैत्यसूदन तरी?"

मग नेटवर्क गेलं. टेक्सासात नेटवर्क नेमकं अशाच वेळी जातं.

त्याने लोणार पाहिलंय, नाही असं नाही. चौथीच्या सहलीत. त्यातली मटकीची उसळ त्याला अजून आठवते.

आता आमच्या बंदरावर उतरणाऱ्यांसाठी दोन शब्द. तुमच्या जहाजाचा कप्तान, म्हणजे गळ्यात शिट्टी अडकवलेला टूर मॅनेजर, सांगेल, "लोणार, पंचेचाळीस मिनिटं!" त्याच्यावर रागावू नका. उल्का आदळून हा खड्डा पडायला काही सेकंदच लागले असतील. त्या मानाने पंचेचाळीस मिनिटं ही चैन झाली. पावणेदोन-दोन किलोमीटर रुंदीचा, बेसॉल्ट खडकात पडलेला हा खड्डा तुम्ही काठावरून पाहाल, पाठ करून फोटो काढाल आणि विचाराल, "पाणी गुलाबी कुठंय?" ते २०२० च्या जूनमध्ये झालं होतं. खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्म जीवांमुळे झालं, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितलं. तुमची बस येणार म्हणून ते जीव थांबून राहिलेले नाहीत.

वयाचंही विचारू नका. आधी शास्त्रज्ञ बावन्न हजार वर्षं म्हणत होते, नंतरच्या मोजणीत पाच लाख सत्तर हजार निघाले. वयाचा एवढा फरक आमच्याकडे फक्त शाळेच्या दाखल्यात सापडतो. सी. जे. ई. अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२३ साली हे सरोवर 'शोधलं' असं सगळ्या पुस्तकांत आहे. त्याआधी नवरात्रात कमळजादेवीला खाली उतरणाऱ्या बाया बहुधा वाट चुकून उतरत असाव्यात. 'ऐने-अकबरी'त लोणारची नोंद आहे, इथल्या द्रव्यांपासून काच आणि साबण होतो अशी. तीही कोणी वाट चुकलेल्यानेच केली असणार.

तर कप्तानाची शिट्टी विसरा. फाट्यावरून काळीपिवळी पकडा. सात जणांच्या गाडीत तुम्ही बारावे असाल, तेव्हा "आता सुटते का?" असं विचारू नका. तेरावा दिसल्याशिवाय ती हलत नाही. लोणारात उतरून आधी दैत्यसूदनाचं देऊळ गाठा. बाहेरून नक्षीचा कोपरान् कोपरा पाहून झाला की आत जा आणि मान वर करा. छतावर लवणासुराच्या वधाची कथा कोरली आहे. मोबाईलचा टॉर्च तिरपा धरा, सरळ नको. सरळ धरला की दगड सपाट दिसतो, तिरप्या उजेडात विष्णूचा पाय, दैत्याची मान, बघ्यांचे चेहरे एकेक करून बाहेर येतात. मान दुखायला लागली की समजा, थोडंफार पाहून झालं. एवढ्यात तुमच्या बसमधलं कोणी "अहो, चला, फोटो झाला ना!" म्हणेल. त्याला पुढे जाऊ द्या.

मग धारेवर. गोमुखातून पाणी बारा महिने पडतं, खालच्या खाऱ्या सरोवराशी त्याचा काही संबंध नसल्यासारखं गोड. तिथून विवरात पायवाट उतरते. माया लोकांचे अवशेष झाकायला अख्खं जंगल लागलं. आमच्याकडे ते काम वेड्या बाभळीने एकटीने केलं आहे. तिच्या काट्यांतून वाकून गेलात की पडझड झालेली देवळं भेटतात, त्यांतली काही बिनशिखराची. एखाद्या गाभाऱ्यात वटवाघळांचा वास एवढा दाट की देवाने नाक धरलं असतं, पण हात तुटलेले. खांबावर कीर्तिमुख, त्याच्या उघड्या तोंडात कोणीतरी खडूने बदाम काढलेला, आत दोन अक्षरं, बाहेर 'दहावी ब'. शेजारी सरकारी निळी पाटी: हे स्मारक राष्ट्रीय महत्त्वाचे आहे, नुकसान करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पाटीवर मात्र कोणी बदाम काढलेला नाही. कायद्याचा धाक आहे तो असा.

सान हेर्वासिओला इश्चेल, तर आमच्या विवराच्या तळाशी कमळजा. तिकडे होडीतून, इकडे दगडांवरून गुडघे सांभाळत. फरक एवढाच की तिकडची बाई आता संग्रहालयात गेली आणि इकडे अजून ओटी भरली जाते. जवळच सासू-सुनेची विहीर आहे, एका अंगाला गोड पाणी नि दुसऱ्या अंगाला खारं. सासू कोणती नि सून कोणती, हा प्रश्न बसमध्ये परतल्यावर काढा. मेहकरपर्यंतचा प्रवास छान होतो.

धोका एकच. जहाजवाले आपल्या सहलीला गेलेल्यांची वाट पाहतात, स्वतःच्या जिवावर गेलेल्यांची नाही. शेजाऱ्याच्या पोराला याची फार धास्ती होती. त्यात जहाजाचं घड्याळ टेक्सासचं, बेटाचं वेगळं. २०१५ साली तिथल्या राज्याने घड्याळ तासभर पुढे नेलं ते तसंच ठेवलं, हिवाळ्यात फरक पडतो. गडी बेटाचं घड्याळ पाहून पळत आला आणि धक्क्यावर तासभर कुल्फी खात बसला. आमच्याकडेही दोन घड्याळं आहेत. एक मनगटावरचं, दुसरं एसटीचं. एसटीची गाडी 'लागली' म्हणजे सुटली नाही, आणि 'सुटली' म्हणजे चहा पिऊन यायला हरकत नाही. चुकलीच, तर राहा मेहकरला. तिथे शारंगधर बालाजीची मूर्ती १८८८ साली जमिनीतून निघाली, ती पाहा. यात्रा कंपनीने ती बहुधा 'गाडीतून दर्शन' या सदरात टाकली असेल.

बंदर जाहीर केल्याची बातमी मी टेक्सासला कळवली. पोरगा खूश. म्हणाला, "काका, आमचं पुढचं ठरलंय. त्याच जहाजाने प्रोग्रेसोला उतरणार. तिथं जवळच चिक्सुलुब आहे. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी उल्का पडली ना, डायनासोर गेले, ते!"

"मग विवर पाहायचं असेल."

"विवर दिसत नाही काका. वर चुनखडीचा थर आहे, अर्धं समुद्राखाली. पण जागेवर उभं राहायचं फीलिंग!"

एवढ्यात त्याच्या आईने माझ्या हातातून फोन घेतला. "काय रे," ती म्हणाली, "लोणारला यायला तुला व्हिसा लागते का?"