‘सध्या काय वाचताय?’ : उत्तर देणाऱ्यांसाठी काही सूचना

लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या जिन्यात किंवा साहित्य संमेलनातल्या जेवणाच्या रांगेत ‘सध्या काय वाचताय?’ हा प्रश्न कधीही अंगावर येऊ शकतो. पुस्तक वाचून संपवणे ही त्यातली सोपी बाजू. अवघड काम पुढचे : वाचताना जे वाटले ते गिळायचे आणि जे वाटायला हवे होते ते बोलून दाखवायचे. याचे शिक्षण कुठल्याच विद्यापीठात मिळत नाही, म्हणून हे टिपण.

प्रतिक्रिया देण्यापूर्वी दोनच गोष्टी पाहाव्यात. पुस्तकावर नाव कोणाचे आहे आणि समोर ऐकायला कोण बसले आहे. आत काय लिहिले आहे ते त्यानंतर, वेळ उरल्यास. नाव झाकून वाचण्याचे धाडस सहसा करू नये. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘ना. वि. जगताप’ या अनोळखी लेखकाची ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. आद्याक्षरे उलटी वाचली की जयंत विष्णू नारळीकर बाहेर पडतात. परीक्षकांना त्या वेळी निव्वळ कथा वाचावी लागली. सर्वसामान्य वाचकावर असा प्रसंग ओढवू नये म्हणूनच मुखपृष्ठावर लेखकाचे नाव मोठ्या टायपात छापतात.

सुरुवात नेमाड्यांपासून करणे सोयीचे. ‘कोसला’ (१९६३) आवडली असे नुसते म्हणून भागत नाही, ती आपल्यावरच लिहिली आहे असे सुचवावे लागते. पुण्यात होस्टेलवर राहिला असाल तर काम सोपे. पुण्यात घरच असेल तर मेसचा डबा खाल्ल्याचे एखादे वर्ष चरित्रात घुसवावे. बोलताना मधूनमधून ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ सोडावेत. ‘हिंदू’ची (२०१०) गोष्ट वेगळी. ती सहाशेच्या घरात जाते. पण खंडेराव मोहेंजोदडोच्या उत्खननावर असतानाच कादंबरी सुरू होत असल्याने पहिल्या पंचवीस पानांच्या भांडवलावरही गंभीर बोलता येते, हा लेखकाचा उपकारच म्हणायचा. ‘उत्खनन ही तिची रचनाच आहे,’ एवढे बोलून गप्प बसावे. समोरच्यानेही तेवढीच पाने वाचलेली असण्याचा दाट संभव असतो, आणि विषय बदलायची दोघांनाही सारखीच घाई असते.

‘मृत्युंजय’ला वयाची अट आहे. ती सोळाव्या वर्षी वाचली तर पुढचा महिनाभर आपल्यावर घोर अन्याय झाल्यासारखे वाटणे स्वाभाविक आहे. आई धाकट्याला दुसरी पोळी आधी वाढते तेव्हा कवचकुंडले गेल्याची कळ येते. चाळिशीनंतर याचा उच्चार करू नये. चाळिशीनंतर ‘युगान्त’चे नाव घ्यावे. दोन्ही पुस्तके १९६७ सालची. म्हणजे कर्णाच्या प्रेमात पाडायची आणि त्यातून बाहेर काढायची, अशा दोन्ही सोयी मराठीत एकाच वर्षी झाल्या. इरावतीबाईंनी कर्णाला कसे तपासले आहे हे सांगताना आवाज कोरडा ठेवावा. घरी आल्यावर सावंतांच्या पुस्तकातले रथाचे चाक रुतते तो भाग पुन्हा काढून वाचायला हरकत नाही. दार लावून घ्यावे.

ऐतिहासिक कादंबरीवर मात्र मनमोकळे बोलता येते, कारण तिथे कादंबरीबद्दल बोलायचेच नसते. विश्वास पाटलांचे ‘पानिपत’ (१९८८) खाली ठेवताक्षणी वाचकाने सेनापतिपदाची सूत्रे हाती घ्यावीत. बुणगे बरोबर न्यायलाच नको होते. सूरजमल जाटाचे ऐकायला हवे होते. गनिमी कावा सोडला तिथेच घात झाला. प्रसंग जेवणाच्या टेबलावरचा असेल तर मीठदाणी म्हणजे अब्दाली, लोणच्याची बरणी म्हणजे कुंजपुरा आणि मध्ये सांडलेले वरण म्हणजे यमुना, अशी मांडणी करून घ्यावी. भात निवला तरी चालेल. एका वाचनालयाच्या प्रतीत, लढाईला तोंड फुटण्याआधीच्या पानावर, समासात पेन्सिलीने लिहिलेले मी पाहिले आहे : ‘भाऊ, अजून वेळ आहे.’ त्याखाली निळ्या शाईने, दुसऱ्या हस्ताक्षरात : ‘पुस्तकावर लिहू नये.’ मराठी समीक्षेच्या दोन्ही परंपरा त्या बोटभर समासात मावल्या होत्या.

नारायण धारप आणि बाबूराव अर्णाळकर यांच्याबद्दल फक्त भूतकाळात बोलावे. ‘लहानपणी खूप वाचायचो.’ अर्णाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, तेव्हा काहींचे लहानपण चांगलेच लांबलेले असणार, पण तसे कोणी विचारत नाही. काल रात्री धारप वाचताना चादरीबाहेर गेलेला पाय हळूच आत ओढून घेतला, हे सांगू नये. ‘भयकथा म्हणून ठीक आहे,’ हे मत दिवसाउजेडी द्यावे.

दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले. त्यावरची मान्यताप्राप्त प्रतिक्रिया ‘हादरून गेलो’ अशी आहे आणि ती बदलण्याची गरज अजून कोणाला भासलेली नाही. हादरण्याची मुदत साधारणपणे चहा येईपर्यंत असते. तो चहा करणाऱ्या मावशींचा स्वतःचा कप स्वयंपाकघरात कुठे ठेवलेला असतो, हा मुद्दा साहित्यबाह्य असल्याने चर्चेत आणू नये.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’पाशी मात्र मार्गदर्शकाचीच पंचाईत होते. नवरा घरी न सांगता धर्म बदलून मोकळा होतो, बाई उन्मळून पडते, आणि तीच बाई ही हकिगत सांगताना आपल्याला हसवते. तोंडावर कोणता भाव ठेवायचा हे ठरेपर्यंत पान उलटलेले असते. हे पुस्तक लोकलमध्ये उघडू नये. शेजारचा माणूस आधी पुस्तकाकडे बघतो, मग आपल्या ओल्या डोळ्यांकडे, मग हसणाऱ्या तोंडाकडे, आणि सरकून बसतो. सकाळच्या गर्दीत कोणी आपणहून सरकावे, यावरून पुस्तकाची ताकद ओळखावी. त्यावर चारचौघांत काय बोलावे हे मला आजवर सुचलेले नाही. ज्याने त्याने आपापले बघावे.

राहिला काव्यसंग्रह. तो विकत घ्यावा लागत नाही, भेट मिळतो. पहिल्या पानावर ‘सस्नेह’ असते आणि खाली आपले नाव ऱ्हस्वदीर्घाच्या चुकीसह असते. कवी हा बहुधा ऑफिसातला सहकारी नाहीतर बायकोचा मामा असतो. पंधरा दिवसांत फोन येतो. ‘मुखपृष्ठ काय सुरेख झालंय!’ हे पहिल्या फोनला चालते. दुसऱ्या फोनला ‘एका बैठकीत संपवायचा नाही असं ठरवलंय, रोज एकच कविता,’ असे सांगावे. साठ कवितांच्या संग्रहाला यात दोन महिने आरामात निघतात. तिसरा फोन सहसा येत नाही, कारण तोवर दुसरा संग्रह छापायला गेलेला असतो. तो हातात पडला की चार पाने चाळावीत, थोडे थांबावे आणि कवीच्या डोळ्यांत बघून म्हणावे, ‘मामा, खरं सांगू? पहिला जास्त भिडला होता.’