भिशीचा तोतया

(रंगमंचावर एक खुर्ची, शेजारी स्टूल. स्टुलावर विणलेल्या रुमालाखाली झाकलेला मोबाईल. साठीच्या पुढची बाई पदर खोचत येते, रुमाल उचलून बघते, परत झाकते.)

झोपलाय. मोबाईल हो! आमचे हे घरी झोपलेत, त्यांना झाकावं लागत नाही.

मी सांगलीची. चौदा बायकांची भिशी चालवते. प्रत्येकीचे महिन्याला 2,000, म्हणजे 28,000 रुपये दर महिन्याला माझ्या हातून जातात. अकरा वर्षांत रुपाया इकडचा तिकडं झालेला नाही. आणि अशा बाईला, म्हणजे मला, गेल्या श्रावणात चोरांनी पळवलं. घरात बसल्या बसल्या. साबुदाणा भिजत होता.

सोमवारची सकाळ. भजनी मंडळातल्या पेटीवाल्या बाईंचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला. ‘ताई, माझा 6 आकडी कोड चुकून तुमच्याकडं आलाय. पाठवता का?’

बघते तर खरंच आलेला! आता मला सांगा, शेजारणीचं पोस्टकार्ड चुकून आपल्याकडं पडलं तर आपण ठेवून घेतो का? पाठवला. चष्मा लावून, आकडे दोनदा तपासून पाठवला. वर विचारलं, ‘मिळाला का?’ तिकडनं उत्तर, ‘मिळाला.’ मी हात जोडलेले पाठवले. (हात जोडते.) चोराला! घराची किल्ली दिली आणि वर नमस्कार केला.

त्या कोडबरोबर इंग्रजीत लिहिलेलं होतं म्हणे, हा कोणाला देऊ नका. इंग्रजी येतं मला. पण ‘सेल’ असं लिहिलेलं असलं तरच मी पुढचं वाचते.

पेटीवाल्या बाई बिचाऱ्या पेटीच वाजवत होत्या. त्यांचं खातं आदल्या रात्रीच गेलेलं. त्यांच्या खात्यातून माझं, माझ्या खात्यातून पुढचीचं. गोवर कसा, एका घरी आला की अख्ख्या वाड्याला! तसलंच हे.

दोन मिनिटांत मोबाईलवर आलं, तुमचा नंबर आता दुसऱ्या फोनवर चालू आहे. मी म्हटलं, असू दे, चालू आहे ना.

(खुर्ची ओढून पुढं बसते.)

पुढचं सगळं मला नंतर भिशीच्या बायकांनी दाखवलं. चोरानं माझ्या नावानं ग्रुपवर लिहिलं, ‘मी दवाखान्यात आहे. प्लीज 5,000 पाठवा. उद्या परत देते.’

इथंच त्यानं शेण खाल्लं. प्लीज! अकरा वर्षांत मी त्या ग्रुपवर प्लीज लिहिलेलं नाही. मी लिहिते, ‘पैसे आणा. किती वेळा सांगायचं?’

वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी लगेच विचारलं, ‘कुठल्या दवाखान्यात?’

‘जवळच्या.’

‘कोणाच्या जवळच्या? तुझ्या का माझ्या?’

गप्प. तोवर शाळेतल्या बाई आल्या. ‘काय झालं गं?’

‘अपघात.’

‘अगंबाई! हाड मोडलं का? कुठलं?’

‘उजवा हात.’

‘मग लिहितंय कोण?’

(खळखळून हसते.) अहो, परीक्षेला बसल्यासारखा बसला होता तो! तिसरी म्हणते, आधी गेल्या मंगळवारच्या रिक्षाचे माझे 40 रुपये दे. चौथी म्हणते, आम्ही सगळ्याच निघतो, वॉर्ड नंबर सांग. आणि आमच्या किराणा दुकानवाल्या काकी, त्या तर साध्या. त्यांनी मायेनं विचारलं, ‘डबा काय आणू? मऊ भात का वरण-पोळी?’

चोर म्हणाला, ‘वरण-पोळी.’

(थांबते. प्रेक्षकांकडं बघते.)

श्रावणी सोमवारी. मी. वरण-पोळी.

संपलं! त्या साध्या काकींनी लिहिलं, ‘कोण आहेस रे तू?’ आणि तो ग्रुप सोडून पळाला. म्हणजे बघा, मी ॲडमिन, आणि मीच ग्रुप सोडून गेलेली.

तुम्ही म्हणाल, किती हुशार बायका. आहेतच. पण मला सांगा, चौदा जणींपैकी एकीनं तरी 5,000 सोडा, 50 रुपये पाठवावेत? समजा, खरंच पडले असते तर? विचारलं मी त्यांना. त्या म्हणाल्या, ‘खरी तू असतीस, तर फोन करून ओरडली असतीस.’

आता यावर काय बोलणार?

तर माझ्याकडं काय चाललेलं? नात नववीत आहे. ती म्हणाली, ‘आजी, रडू नको, तुझा नंबर परत टाक.’ म्हटलं, तो चोराकडं गेला ना! म्हणाली, ‘सिमकार्ड तुझ्या फोनमध्ये आहे. नवीन कोड इथंच येणार.’ आला की! टाकला, आणि तिकडं चोर फाटकाबाहेर. मी टाळी वाजवली. तेवढ्यात मोबाईल म्हणतो, आता पिन टाका.

कसला पिन? चोरानं आत गेल्या गेल्या स्वतःचा 6 आकडी पिन लावून ठेवलेला! आणि तो पिन माहीत नसेल तर 7 दिवस थांबायचं. म्हणजे कोड टाकल्यामुळं चोर बाहेर, पिन नाही म्हणून मीही बाहेर. घराला कुलूप आणि किल्ली चोराच्या खिशात. हा पिन आपण आधी लावायचा असतो, टू स्टेप व्हेरिफिकेशन म्हणतात. नातीनं मला दिवाळीत सांगितलेलं. मी म्हटलं होतं, परीक्षा झाल्यावर बघू. परीक्षा तिची!

मला भलतीच काळजी. हळूच विचारलं, ‘अगं, मी विहीणबाईंबद्दल जे जे लिहिलंय, ते त्या मेल्यानं वाचलं असेल का?’ म्हणाली, ‘नाही आजी, जुने मेसेज तुझ्या फोनमध्ये असतात. त्याला ग्रुप दिसले, जुनं बोलणं नाही.’ मी देवापुढं साखर ठेवली.

साखर ठेवून वळते तर दारावर धडाधड. दारात माझी धाकटी जाऊ. मिरजेहून आलेली, घामाघूम, हातात चार पुडाचा डबा.

(आवाज खाली येतो.)

तीन वर्षं आम्ही बोलत नव्हतो. सासूबाईंच्या तांब्याच्या बंबावरून. आता बंबात पाणी कोण तापवतं, सांगा! पण तीन वर्षं.

ती म्हणाली, ‘तू घरात कशी?’

म्हटलं, ‘मग कुठं असू?’

‘दवाखान्यात!’

चोरानं घराण्याच्या ग्रुपवरही टाकलं होतं. तिथं सगळ्यांनी लवकर बरं वाटू दे म्हणून फुलं पाठवली होती. चोराला अकरा गुलाब मिळाले. आणि हिनं पाठवले 5,000.

म्हटलं, ‘अगं, एक फोन तरी करायचास! काही विचारलं नाहीस?’

म्हणाली, ‘त्यात विचारायचं काय?’

(बराच वेळ गप्प. पदरानं मोबाईलची काच पुसते.)

नात ओरडली, ‘काकूआजी, पैसे कधी पाठवले?’ ‘एस्टीत बसताना.’ म्हणजे तासही झाला नव्हता. नातीनं लगेच 1930 फिरवला. हा सरकारचा नंबर, पैसे असे गेले की ताबडतोब इथं सांगायचं. समोरच्या बाईंनी रक्कम विचारली, वेळ विचारली, बँक विचारली, मग व्यवहाराचा 12 आकडी नंबर. जाऊबाईंनी तो पाढे म्हटल्यासारखा खणखणीत म्हटला. चोरानं पैसे अजून पुढं सरकवले नव्हते, म्हणून त्याच्या खात्यातच अडवता आले. उशीर झाला की ते या खात्यातून त्या खात्यात, दहा घरं फिरतात. आमचे अडकलेत. परत मिळायला कागदपत्रं चालू आहेत. जाऊबाई आठवड्याला फोन करते, ‘दिले का गं तुझ्या चोरानं?’ माझ्या चोरानं!

पोलिसांत तक्रार दिली. तिथला पोरगा म्हणाला, ‘आजी, ही तोतयेगिरी. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000, कलम 66 ड. 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड.’

तोतया म्हटल्याबरोबर मी उठून उभी राहिले. म्हणजे सदाशिवरावभाऊंचा झाला तसा? 1761 साली भाऊ पानिपतावर पडले आणि पुढं एक जण मीच भाऊ म्हणून उभा राहिला. माणसं मागं गेली, फौज जमली, किल्ले हाती आले. 1776 साली पुण्यात त्याला मारला तेव्हा कुठं ते मिटलं. आणि माझा तोतया? वीस मिनिटं! का? भाऊंच्या तोतयाला कोणी विचारलंच नसणार, डबा काय आणू म्हणून.

सात दिवस मोबाईल मुका. सुप्रभात नाही, शुभरात्री नाही, कुणाच्या नातवाचं नाचणं नाही. जाऊबाई मात्र रोज फोन करायची. साधा. कानाला लावायचा तो.

आठव्या दिवशी खातं उघडलं. आधी चोराचा पिन घालवला, माझा लावला. पिन विसरले तर म्हणून ईमेल जोडला. जन्मतारीख नाही, 123456 नाही. कुठला ते सांगणार नाही. (पहिल्या रांगेतल्या एकाकडं) तुम्ही वही काढू नका.

परवा परत एकाचा फोन. गोड आवाज. ‘मॅडम, पार्सल आलंय. पत्ता सापडत नाही. मी सांगतो तो कोड फिरवा.’ असला कोड फिरवला की आपले फोन त्याच्याकडं वळू शकतात. मग व्हॉट्सअ‍ॅपचा कोड फोनवरून सांगतात ना, तोही त्यालाच ऐकू जातो. नातीनं शिकवलेलं. मी शांतपणे विचारलं, ‘तुम्ही कुठल्या दवाखान्यातून बोलताय?’

ठेवला त्यानं.

(उठते. मोबाईल कमरेला खोचते.)

चला, निघते. आज भिशी आहे. पंधरावी बाई घेतलीय आम्ही, मिरजेची. चिठ्ठ्या टाकायच्या आधीच मी सांगितलं, या महिन्याचा नंबर तिचा.

चौदा बायकांनी ऐकलं. एकीनंही विचारलं नाही, का म्हणून.

(दिवे जातात.)