सगळ्यांचं गोत्र ट्रॅक्टर

समृद्धी महामार्ग आमच्या वाशीम जिल्ह्यातून जातो. मालेगाव, शेलूबाजार, कारंजा अशा ठिकाणी चढायची सोय आहे. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर, मध्ये एक सिग्नल नाही. लांब पल्ल्याच्या मोटारसायकलवाल्याने नवस बोलून मागावा असा रस्ता. आणि त्यावर दुचाकीला बंदी. दहा लाखांची टूरिंग गाडी असो की वडिलांच्या वाटणीतून आलेली सीडी १००, टोलनाक्यावरून दोघींना सारख्याच मानाने माघारी धाडतात. जिल्ह्यात समता शोधायला निघालात तर ती तिथे सापडेल.

रस्ता नाही मिळाला म्हणून वाद थांबतो थोडाच? चालवायला मिळत नाही म्हटल्यावर बोलायला वेळच वेळ. पाटणी चौकात चहा घेता घेता फक्त म्हणायचं, "क्रूझर बरी का टूरिंग?" दुसऱ्या कपाचे पैसे कोणीतरी भरतोच.

वाद कंपन्यांचा वाटतो, पण तो आहे कमरेचा. क्रूझर म्हणजे चालती आरामखुर्ची. सीट खाली, पाय पुढे, हँडल छातीकडे ओढलेलं. आपल्याकडची अॅव्हेंजर घ्या किंवा मिटिऑर घ्या. बुटक्याचेही पाय टेकतात, कमी वेगात इंजिन झकास ओढतं आणि दुकानाच्या काचेत स्वतःला बघत जाता येतं. पण पाय पुढे गेले की धडाचा सगळा भार माकडहाडावर. खड्डा आला तर उठून झेलायची सोय नाही. दणका मणक्यातून थेट टाळूला.

टूरिंगवाली याच्या उलट. सीट उंच, पाठ ताठ, पायदान बुडाखाली, पुढे वारा अडवायला काच, मागे पेट्या लावायला सांगाडा, शॉकअप लांब. खड्डा दिसला की पायदानावर उभं राहायचं, दणका गुडघे पचवतात. दिवसभर चालवली तरी संध्याकाळी माणूस माणसासारखा उतरतो. फक्त बाजारात गर्दीत थांबताना ठेंगण्याचा पाय हवेत राहतो आणि मग गाडीसकट तो ज्याच्या अंगावर जाईल त्याच्याशी ओळख होते.

टूरिंगवाल्यांपैकी जुन्या ४११ सीसी हिमालयनच्या पोटाखाली २२० मिलिमीटर जागा आहे. अॅव्हेंजरच्या पोटाखाली सुमारे १७०. हे पाच सेंटिमीटर शोरूममध्ये दिसत नाहीत. गावात शिरताना दिसतात, जिथे कोणीतरी घर बांधून उरलेल्या सिमेंटात स्वतःच्या दारापुढे गतिरोधक घातलेला असतो. क्रूझर त्यावर पोट घासते, आणि तो आवाज मालकाच्या हप्त्यापर्यंत ऐकू जातो.

खरी परीक्षा पुढे आहे, जुलैतल्या पांदण रस्त्यावर. सोयाबीनच्या फवारणीला निघालेल्या माणसाला काळी माती काय चीज आहे ते सांगावं लागत नाही. ती टायरला चिकटते, टायर ती मडगार्डात भरतो, आणि दोन धुऱ्यांच्या अंतरात चाक जाम. मग पऱ्हाटीची काडी घेऊन माती खरवडत बसा. तिथे क्रूझरही थांबते, टूरिंगही थांबते. वखर खांद्यावर घेतलेला शेजारी बाजूने जाताना म्हणतो, "काय गा, एवढ्या पैशात बैलजोडी आली असती ना!"

आता येऊ निष्ठेकडे. आमच्याकडे माणूस पक्ष बदलतो, गट बदलतो, आघाडी बदलतो. बुलेटवाला बुलेट बदलत नाही. ज्याने उजव्या पायात गिअर आणि डाव्या पायात ब्रेक असलेली जुनी बुलेट चालवली, तो नवीन बुलेटवाल्यालाही बाटलेला समजतो. जावावाला बुलेटला म्हैस म्हणतो. आरएक्स १०० वाला दोघांनाही काही म्हणत नाही. तो फक्त १९८५ साली गाडी आली तेव्हाचा पिकअप सांगतो, आणि तो दरवर्षी वाढतो.

या शाही घराण्यांची कुळं जरा उघडून बघा. रॉयल एनफिल्ड आयशरची. आयशर कोण? ट्रॅक्टरवाले! १९५९ मध्ये त्यांनी फरिदाबादला ट्रॅक्टर बनवायला घेतले, १९९४ मध्ये एनफिल्ड पोटात घेतली आणि २००५ मध्ये ट्रॅक्टर विकून टाकले. जावा आणि येझदी पुन्हा आणल्या त्या महिंद्राच्या कंपनीने. महिंद्रा कोण, हे आमच्या जिल्ह्यात शाळकरी पोरालाही विचारू नये. राजदूत आणि आरएक्स १०० बनवणारी एस्कॉर्ट्स? तीही ट्रॅक्टरवाली. म्हणजे ज्यांच्या नावाने चौकात बाह्या सरसावल्या जातात ती तिन्ही घराणी एकाच गोत्रातली. त्या गोत्राचं लोखंड आपल्या धुऱ्यावर नांगर ओढत उभं आहे, आणि त्याला कोणी टी-शर्टवर छापत नाही.

बाहेरच्यांचीही तीच गत. हार्ले-डेव्हिडसनचे भक्त जगभर कंपनीचं नाव दंडावर गोंदवून घेतात. त्या कंपनीने २०२० मध्ये भारतातला कारखाना गुंडाळला, आणि २०२३ मध्ये एक्स ४४० आली ती हीरोच्या कारखान्यातून. ज्या स्प्लेंडरकडे बघून हार्लेवाला नाक मुरडतो, तिच्याच माहेरची. ब्रिटिश ट्रायम्फची स्पीड ४०० आणि ऑस्ट्रियाची केटीएम, दोघी चाकणच्या, बजाजच्या अंगणातल्या. अॅव्हेंजरवाल्याने केटीएमवाल्याशी भांडणं म्हणजे चुलतभावाशी भाऊबंदकी. तीही आमच्याकडे चालते म्हणा.

उरलासुरला तंटा दिल्लीने मिटवला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाडीवर जीएसटी १८ टक्के, त्यापुढे ४० टक्के. मिटिऑर ३४९ सीसीची, नवी हिमालयन ४५२ सीसीची. म्हणजे पाय पसरून बसणाऱ्याला सवलत, ताठ बसून लांब जाणाऱ्याला दंड. सरकारची धोरणं इतक्या स्पष्टपणे क्वचितच कळतात.

या सगळ्यात जिल्ह्याची खरी टूरिंग गाडी गप्प असते. ९७.२ सीसी. टाकीवर पोरगं, मागे बायको, तिच्या मांडीवर पिशवी, कडेला दुधाची कॅन. रामनवमीला पोहरादेवी, एरवी दवाखाना, तहसील, बाजार समिती. ना काच, ना पेटी, ना सहावा गिअर. तिच्या मालकाला विचारा, "कोणत्या कंपनीचे तुम्ही?" तो अॅव्हरेज सांगतो. निष्ठा बिष्ठा त्याला ठाऊक नाही. तरी पंधरा वर्षं गाडी तीच आहे.

तेव्हा राजेहो, दिवाळीत गाडी घ्यायची असेल तर शौक जरूर करा. आठवड्याला अकोला-नांदेड मारत असाल तर ताठ बसवणारी घ्या. संध्याकाळी पुसद नाक्यापर्यंतच मिरवायचं असेल तर क्रूझर घ्या, कोणी हसत नाही. पण शोरूमवाला देतो त्या एका चकरेवर सही करू नका. ज्याच्याकडे ती गाडी आहे त्याच्याकडून दिवसभर मागून घ्या आणि शेतापर्यंत नेऊन आणा. कमर काय म्हणते ते संध्याकाळी कळेल. पेट्रोल मात्र तुमच्या पैशाचं टाका आणि हेल्मेट आरशाला न अडकवता डोक्यात घाला.