धोक्याच्या फलकास अनावृत पत्र

श्री. फलकसाहेब,
मु. कुंडमळा, इंद्रायणीकाठ, ता. मावळ, जि. पुणे

सा. न. वि. वि.

पूल धोकादायक आहे, हे आपण सांगितलेच होते. 15 जून 2025, रविवार. रांजणखळगे, फुगलेली नदी आणि तीसेक वर्षांच्या लोखंडी पुलावर दुचाकींसकट दाटलेली माणसे. पूल कोसळला, चार जण गेले, पन्नासच्या आसपास जखमी झाले. आपल्यावर मात्र कसला ठपका नाही!

तालुक्यात आपल्याइतके स्वस्त आरोग्य धोरण दुसरे नाही. नवा पूल म्हणजे आठ कोटी. ते मंजूरही होते. आपला खर्च पत्रा, दोन खांब, डबाभर रंग. नंतर वारसांना पाच-पाच लाख, म्हणजे वीस लाख. वजाबाकी चौथीतले पोरही करील.

जखमींच्या उपचारांचा खर्च सरकारने उचलला, खरे आहे. पण सरकारी हिशेबात माणूस डिस्चार्जच्या कागदापर्यंतच जखमी असतो. पुढे मांडीत सळई घेऊन तो घरी पडतो. तळेगाव-चाकणला कंत्राटी कामगार असेल, तर हजेरी नाही म्हणून पगार नाही. त्याला उठवण्या-बसवण्यापायी बायकोचे खाडे. मंगळसूत्र गहाण. गाडीचा हप्ता मात्र चालूच, गाडी इंद्रायणीत असली तरी.

शिवाय कशाने पडावे, यालाही अक्कल लागते. हाच गडी मोटारीखाली आला असता, तर केंद्राच्या 2025 च्या योजनेत सात दिवस, दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार त्याच्या हक्काचे होते. पुलासकट पडला, म्हणून मंत्र्यांच्या घोषणेवर अवलंबून. हाड दोन्हीकडे सारखेच मोडते.

पलीकडे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2016 साली 151 माणसे मेली. तिथे काही खुळ्यांनी अपघाताची जागा न् जागा तपासली, कठडे सुधारले, आणि पुढच्या वर्षांत आकडा उतरला. इतकी उठाठेव आपल्या खात्याला परवडायची नाही. भुशी धरणामागच्या धबधब्यात 30 जून 2024 ला एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तेव्हाही आपल्या भाऊबंदांचीच आठवण झाली होती.

एक विनंती. आपल्या पत्र्याच्या मागच्या बाजूला जागा कोरी असेल. तिथे त्या पन्नासांचे बुडालेले रोज लिहून ठेवावेत. दुसरी कुठली वही त्यांना घ्यायला तयार नाही.

कळावे,
आपला,
एक मावळकर