स्वस्त बाजाचा धनी

पेन्शनीचा हुकूम हाती पडल्यावर वर्षाच्या आत ज्याला एखादी विसरलेली कला आठवत नाही, असा कारकून आमच्या झाडीपट्टीत विरळाच. कुणाला ज्योतिष आठवते, कुणाला होमिओपॅथी, कुणाला तरुणपणी दंडारीत केलेले सोंग; परंतु या सर्व जमातींत प्रथमदर्शनी निरुपद्रवी वाटणारा आणि अनुभवांती सर्वांत चिवट ठरणारा इसम म्हणजे स्वस्तातला माउथ ऑर्गन घेऊन संगीतसेवेस आरंभ करणारा. भंडाऱ्याहून पवनीकडे जाणाऱ्या सडकेवरच्या अड्याळ गावी असा एक तरी इसम सदैव हजर असतो. एकाचा उत्साह संपला की दुसरा रुजू होतो, जागा म्हणून रिकामी राहत नाही. त्याचे पाळण्यातले नाव काहीही असो, उभी हयात तहसील कचेरीत गेल्यामुळे गाव त्याला बाबूजी म्हणते, आणि आपणही तेच म्हणू.

बाबूजींच्या संगीतप्रेमाचा उगम शोधू गेल्यास तो बहुधा 1975 च्या 'शोले'पाशी सापडतो. त्या चित्रपटात संध्याकाळी पायरीवर बसून अमिताभ बच्चन बाजा वाजवितो आणि समोर जया भादुरी एकेक दिवा मालवीत जाते, हा प्रसंग पाहून त्या काळच्या तरुणांनी निरनिराळे बोध घेतले. बाबूजींनी असा घेतला की या वाद्याला गुरू लागत नाही, रियाज लागत नाही, बैठक लागत नाही, लागते ती फक्त पायरी. पडद्यामागे तो बाजा भानू गुप्ता या कसलेल्या वादकाने वाजविला होता, किंवा 1958 च्या 'सोलवा साल'मध्ये देव आनंदच्या गाण्याला साथ देणारा बाजा तरुण राहुल देव बर्मन यांचा होता, ही माहिती त्यांना यथावकाश मिळाली; परंतु तोवर मत कायम होऊन गेले होते, आणि कायम झालेल्या नोंदीत खाडाखोड करणे त्यांच्या स्वभावात नाही. अड्याळात पायऱ्या मुबलक आहेत. दिवे मालवण्याचे काम भारनियमन करते. उणीव होती ती फक्त बाजाची.

तो घेण्यापूर्वी बाबूजी जी चौकशी करतात, ती जमिनीच्या खरेदीखतापूर्वी केली असती तर त्यांचे दोन दिवाणी दावे टळले असते. 1857 म्हटले की इतरांना बंड आठवते. बाबूजींना जर्मनीतले ट्रोसिंगेन गाव आणि तिथे त्या साली बाजे घडवू लागलेला मॅथियास होनर आठवतो. भजनातली पेटी आणि हा बाजा ही एकाच कुळातली भावंडे असून दोहोंच्या पोटात वाऱ्याने थरथरणाऱ्या पितळी पट्ट्या असतात, आणि त्यांपैकी थोरल्या भावंडाला 1940 साली रेडिओवर बंदी झाली होती, हे ते पानाच्या ठेल्यावर अशा गांभीर्याने सांगतात की ऐकणाराला धाकट्यावरही वॉरंट निघाले असावे असे वाटते. शिवाय भंडारा हा पितळी भांड्यांचा जिल्हा. तेव्हा पितळेची पारख आपल्याला उपजत आहे, असा त्यांचा दावा असतो. एवढ्या अध्ययनाअंती ते ज्या निष्कर्षाप्रत येतात तो मात्र अध्ययनापूर्वीच ठरलेला असतो : "पहिले साधाच घ्याचा. जमला तं मंग चांगला पाहू."

खरेदीसाठी बाबूजी नागपुरास सीताबर्डीवर जातात. तिथे काचेच्या कपाटात दहा घरांचा छोटा बाजा महाग आणि चोवीस घरांचा लांबलचक बाजा स्वस्त, हा प्रकार पाहून त्यांच्यातला कारकून जागा होतो. ते खिशातून पेन काढतात, बसच्या तिकिटाच्या पाठीवर दर घरामागे किती रुपये पडतात याचा हिशेब मांडतात, आणि दुकानदाराची लबाडी उघडकीस आणल्याच्या आविर्भावात त्याच्याकडे पाहतात. दुकानदार समजावून सांगतो की लहान बाजाच्या एकाच घरात फुंकल्यास एक स्वर आणि श्वास ओढल्यास दुसरा, असे दहा घरांत वीस स्वर नांदतात. मोठ्यात मात्र प्रत्येक घर एकतर फुंकण्याचे नाहीतर ओढण्याचे, आणि प्रत्येक स्वराला वरखाली दोन पट्ट्या, त्याही एकमेकींशी किंचित बेसूर ठेवलेल्या, म्हणजे स्वर लहरत राहतो. यावर बाबूजी क्षणभर विचार करून म्हणतात, "दोन-दोन पट्ट्या, अन् भाव अर्धा? मंग तं हाच बांधा!" वाजवून पाहण्याची सोय नसते, कारण एकदा तोंड लावलेला माल परत घेत नाहीत, म्हणून ते तो हातात तोलून पाहतात, कानाशी हलवून पाहतात, घरे मोजून घेतात आणि पक्की पावती मागतात.

गावी परतल्यावर संध्याकाळी पायरीवर वादनास प्रारंभ होतो. सा फुंकावा लागतो आणि रे ओढावा लागतो, हे तत्त्व पुस्तकात फार सोपे दिसते. छातीला ते मान्य होण्यास वेळ लागतो. एका घराच्या जागी तीन घरे ओठांत सापडतात, अर्धा वारा बाजाच्या सांध्यांतून निसटतो, आणि जो काही ध्वनी निघतो तो ऐकून शेजारची म्हातारी कळवळून विचारते, "बाबूजी, दमा वाढला का जी?" पावसाळा लागेतो मधल्या एका घराची पट्टी अडकते. पट्टीचे टोक कानसले तर स्वर चढतो आणि मुळाशी घासले तर उतरतो, हे बाबूजींना वाचून ठाऊक असल्यामुळे ते नेलकटरची कानस लावून स्वर चढवू पाहतात. स्वर चढत चढत अखेरीस दृष्टीआड होतो. मग मामला भंडाऱ्याच्या कासाराकडे जातो. ज्याने आयुष्यभर गुंड आणि घागरी हाताळल्या तो कासार ती केसाएवढी पट्टी चष्म्यापुढे धरून बराच वेळ न्याहाळतो आणि आदराने विचारतो, "कल्हई करून देऊ का जी?"

येथवर वाचून ज्यांना बाबूजींची कीव आली असेल, त्यांनी ती राखून ठेवावी. अड्याळातला सर्वांत निश्चिंत माणूस जर कोणी असेल तर तो हाच. कोणी विचारले, "काहून जी, एखादं गानं वाजवा ना," तर तो बाजा उलटासुलटा करून दाखवितो, सुस्कारा टाकतो आणि म्हणतो, "बाजाच हलका हाये ना, बाप्पा." या एका वाक्यावर जगातली कोणतीही कचेरी हरकत घेऊ शकत नाही. लंगडा बैल जुंपून शंकरपटात उतरणाऱ्याला वाईट हाकणारा म्हणण्याची कोणाची छाती आहे? बाबूजींनी पैसे वाचविले असे लोक समजतात. वस्तुतः त्यांनी शेदोनशे रुपयांत वाद्य खरेदी केलेले नसून, आपली परीक्षा तहकूब ठेवण्याचा कायमचा परवाना खरेदी केलेला असतो. चांगले वाद्य घेणारा मनुष्य पहिल्याच फुंकरीला उघडा पडतो; हलके वाद्य घेणाऱ्याच्या अंगी किती कला असावी, याचा अंदाज गावाने आपापल्या सौजन्यानुसार करावयाचा असतो.

म्हणूनच पुण्याचा भाचा दिवाळीत अस्सल जर्मन, दहा घरांचा, दाणेदार आवाजाचा बाजा भेट म्हणून आणतो, तेव्हा बाबूजींच्या चेहऱ्यावर बदलीचा हुकूम वाचल्याची कळा येते. 'जमला तर मग' यातला 'मग' असा न जमताच दारात येऊन उभा राहील, ही शक्यता त्यांच्या हिशेबात नव्हती. काही दिवस बाजा मुहूर्तासाठी कपाटात राहतो. परंतु कारकुनी अशी वाया जात नाही. आठवड्याभरात त्यांनी जर्मन मालातल्या उणिवांचा तपशील तयार केलेला असतो. खालच्या सप्तकात मध्यम नाही, धैवत नाही! सातव्या घरापासून तर कायदाच उलटा : तोवर ओढलेला स्वर फुंकलेल्याच्या वर, आणि तिथून पुढे खाली. भाचा सांगतो की एका फुंकरीत सुरांचा भरदार मेळ निघावा म्हणून ही रचना मुद्दाम केलेली आहे, आणि गाळलेले स्वर ओढीचा श्वास आत दाबून, वरच्या स्वराला खाली उतरवून काढायचे असतात. बाबूजी त्याच्याकडे कनवाळूपणे पाहतात. "म्हंजे पैसे पुरे द्याचे, अन् स्वर आपनच बनवाचे?"

तरीही भाचा हट्टी निघाला आणि मामांना भजनमंडळात घेऊन गेला. जो मुलूख तुकडोजी महाराजांच्या खंजिरीवर वाढला, तिथल्या मंडळाला नव्या वाद्याचे वावडे असण्याचे कारण नव्हते. जागा करून दिली गेली. परंतु बाजा पांढरी एकचा आणि मंडळाचे बुवा पिढीजात काळी चारमध्ये गाणारे. तेव्हा दोहोंची गाठ पडताच तबलजीने हात थांबविले, खंजिरी अडखळली, आणि बुवांनी डोळे मिटले ते भक्तीने नव्हे. दुसऱ्याच दिवशी बाबूजींनी मंडळाच्या अध्यक्षांकडे रीतसर अर्ज दाखल केला की, ज्याअर्थी अर्जदाराचे वाद्य जर्मन बनावटीचे असून त्याची पट्टी बदलता येत नाही, आणि ज्याअर्थी मंडळींचे गळे स्थानिक असून बदलता येण्याजोगे आहेत, त्याअर्थी सर्वांनी पांढरी एकवर यावे ही विनंती.

मंडळाने अर्ज मंजूर केला नाही आणि नामंजूरही केला नाही. 'पुढील एकादशीस विचारार्थ' असा शेरा मारून ठेवून दिला, आणि तेव्हापासून बऱ्याच एकादश्या होऊन गेल्या. बाबूजी प्रसन्न आहेत. प्रकरण प्रलंबित असेतो वाजविण्याचा प्रश्न उद्भवत नाही. मधल्या काळात हात रिकामा राहू नये म्हणून ते सध्या बासरीची चौकशी करीत आहेत, अर्थात साध्याच. परंतु तिच्या पोटात पट्टी नाही, सांधा नाही, गंजण्याजोगे काही नाही, हे कळल्यापासून त्यांचा उत्साह थोडा मावळला आहे. बिघडण्यासारखे ज्यात काहीच नाही, असे वाद्य नवशिक्याने घेऊ नये, असे त्यांचे प्रांजळ मत आहे.